तिसऱ्या कांडीचं पान

काल कत्तिरी लागली. पंचांगात हिला अग्निनक्षत्र म्हणतात, पण कुंभकोणममध्ये पंचांग न बघताही ती कळते. सकाळी आठ वाजता नळाचं पाणी हाताला चटका देतं, कठड्यावरचा कावळा चोच उघडी टाकून बसतो आणि ओरडत नाही, आणि भाजीवाली अर्ध्या रस्त्यातूनच टोपली उचलून परत जाते. कावेरीत आता पाणी नाही. नुसती वाळू आहे, आणि वाळूवर मुलांनी क्रिकेटसाठी रोवलेल्या तीन काठ्या. तुम्ही दोघं जिथे आहात तिथे अजून स्वेटर घालतात म्हणे. अनू, मागच्या फोनमध्ये तू स्वेटरच्या बाहीनेच डोळे पुसत होतीस. मला दिसलं.

तू म्हणालीस, "अज्जी, माझा एक नमुना रेषेवर येत नाहीये. बाकी सगळे येतात. गाईड म्हणतात काढून टाक त्याला. पंधरा दिवसांत द्यायचंय सगळं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हणाले, "आणखी दोनदा मोजून बघ."

पस्तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलेल्या बाईचं ते उत्तर होतं. खरं उत्तर नव्हतं. तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास आणि त्यानंतर तीन दिवस तुझा फोन नाही. म्हणून आज टेबल पुसून, चष्मा धुऊन, कागद सरळ लावून बसले आहे. राघवा, तुला यातलं काही कळणार नाही असं समजून पानं उलटू नकोस. हे तुझ्यासाठीही आहे. यात तुमच्या पणजीची गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला आजवर मी खोटी सांगत आले.

माझ्या कपाटात एक चपटा पत्र्याचा डबा आहे. त्यात पाच पाकिटं, प्रत्येकावर माझ्या अक्षरात लेबल: एक, दोन, तीन, चार, पाच, खाली 'तांबे, कथील'. आत करंगळीएवढ्या कांड्या आणि कानसून काढलेला त्यांचा चुरा. डब्याशेजारी माझा थीसिस, काळ्या कापडी बांधणीचा. तुम्ही लहान असताना सुट्टीत यायचात तेव्हा सरस्वतीपूजेच्या पाटावर तो बघून हसायचात. पुस्तकांच्या ढिगात सगळ्यात वर अज्जीचं पुस्तक, आणि ते नेहमी बासष्टाव्या पानावर उघडायचं, कारण त्या पानावर कुंकवाचा जाड थर होता. राघव एकदा म्हणाला, "या पानाला ताप आलाय का?" सगळे हसले. मीही हसले. त्या पानावर काय लिहिलंय ते तुम्ही कधी वाचलं नाहीत, आणि मी वाचायला सांगितलं नाही.

आधी तो अभ्यास कशाचा होता ते सांगते. बाजारात लिंबंवाला लिंबांची रास रचतो ती डोळ्यांसमोर आण, राघवा. खालचा थर, त्याच्या खळग्यांत बसलेला दुसरा, त्यावर तिसरा. तिसरा थर बसवायला खळग्यांचे दोन संच असतात, आणि कुठला घ्यायचा हे तांबं कधी चुकत नाही. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला; मैलोगणती तोच क्रम. पण तांब्यात कथील मिसळलं आणि तो धातू तापवल्याशिवाय नुसता ठोकला किंवा कानसला, की थर घसरतात. मध्येच एखादा थर चुकीच्या खळग्यात जाऊन बसतो. बाहेरून काही दिसत नाही. भांडं तसंच चकाकतं. पण त्यावर क्ष-किरण सोडले तर परत येणाऱ्या रेषा किंचित सरकलेल्या असतात, रुंदावलेल्या असतात. त्या सरकण्यावरून आत किती थर चुकले आहेत याचा हिशेब लावता येतो. कथील वाढवलं तर या चुका कशा वाढतात, एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी पाच कांड्या, वाढत्या कथिलाच्या. कागदावर पाच बिंदू, त्यांतून एक रेघ. त्या रेघेवर मी चार वर्षं जगत होते.

त्या वर्षीची कत्तिरी आली तेव्हा माझी रजा जूनमध्ये संपत होती. थीसिस द्यायची मुदतही जूनमध्येच संपत होती, एकदा वाढवून घेतलेली. माझे गाईड त्याच महिन्यात निवृत्त व्हायचे होते. तुमचा अप्पा चार वर्षांचा होता. यातली कुठलीही एक गोष्ट थोडी पुढे सरकली असती तरी मला श्वास घेता आला असता. एकही सरकली नाही.

कांड्या ओतल्या होत्या महाशिवरात्रीनंतर, स्वामीमलैला. शुद्ध तांबं आणि कथील मी लॅबच्या तराजूवर तोलून नेलं होतं. पण ते वितळवायला लॅबमध्ये नीट भट्टी नव्हती, आणि कुंभकोणमच्या माणसाला तांबं वितळवायचं म्हटलं की स्वामीमलैशिवाय दुसरं काय आठवणार? तिथे पिढ्यान् पिढ्या देव ओततात. एका वयस्क स्थपतींनी, म्हणजे मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांनी, होकार दिला. "देव नाही, देवी नाही, नुसत्या कांड्या?" ते हसले होते. "बरं, अम्मा. कांड्याही ओतू. पण मुहूर्ताने."

माझ्या सासूबाई बरोबर आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची, तंजावूरकडच्या आम्हा मराठी घरांतली जुनी रीत. भट्टीवर सुनेने एकटीने कसं जायचं हे कारण त्यांनी सांगितलं, पण खरं म्हणजे त्यांना बघायचं होतं. त्यांना लिहिता-वाचता येई ते मोडीसारख्या वळणाचं थोडं मराठी आणि बसच्या पाट्यांपुरतं तमिळ. माझ्या अभ्यासाला त्या 'पद्मूची परीक्षा' म्हणत. चार वर्षं चालणारी परीक्षा त्यांनी कुठे बघितली नव्हती.

भट्टी जमिनीतल्या खड्ड्यात होती, कोळशाने भरलेली. एकेक मूस लाल होऊन वर यायची, मी पुडीतलं मोजलेलं कथील आत सोडायची, स्थपती ढवळायचे आणि मातीच्या साच्यात ओतायचे. दोन मुशी झाल्या. तिसऱ्या मुशीत कथील सोडलं आणि धूर माझ्या डोळ्यांत गेला. मी अंगणातल्या नळावर गेले, डोळ्यांवर पाणी मारलं आणि परत आले. तेव्हा स्थपती ढवळत होते आणि आत्याबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. धुरामुळे, असं मला वाटलं. मग उरलेल्या दोन झाल्या. परत जाताना आत्याबाई गावातल्या देवळाच्या साठ पायऱ्या न थांबता चढल्या, पदर नाकाशी तसाच.

हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं होतं हे मला चार महिन्यांनी कळलं.

आता वीज गेली आहे. पंखा थांबताना दोन-तीन वेळा कुरकुरतो आणि मग घरात गल्लीचा आवाज येतो. ताडगोळेवाला ओरडतो आहे. कागदावर मनगट टेकलं की अक्षर फुटतं, म्हणून मनगटाखाली टॉवेल घेतला आहे. त्या वर्षीही असाच टॉवेल असायचा. कानस चालवताना तळव्याला घाम येई आणि चुऱ्याला ओल लागे. मी गच्चीच्या जिन्यावर सावलीत बसून कांडी कानसायची. चुरा कागदावर पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवायचा, कानशीचं लोखंड वेगळं करायला. मग अर्धा चुरा काचेच्या नळीत बंद करून लॅबमध्ये तापवायचा, म्हणजे त्यातल्या चुका विरून जातात. अर्धा तसाच ठेवायचा. एक निरोगी, एक दुखावलेला. दोघांची तुलना. आत्याबाई शेजारी सांडगे वाळत घालत. म्हणायच्या, "देवाच्या गावचं तांबं, आणि तूं त्याचा भुगा करतेस. दुखत नसेल कां गे त्यास?"

"दुखतं, आत्याबाई. किती दुखतं तेच मोजतेय."

"मोजून मग काय करणार?"

मी चुऱ्यावरून पुन्हा लोहचुंबक फिरवला.

यंत्र तंजावूरला होतं, एका कॉलेजात. सकाळच्या गाडीने मी निघायची. पापनाशम् येईपर्यंत पाठ भिजलेली असायची. क्ष-किरणांच्या नळीला सतत थंड पाणी लागतं. पाण्याची धार बारीक झाली की यंत्र आपोआप बंद पडतं. कत्तिरीत नळाला धार कुठली? तिथले म्हातारे अटेंडर आणि मी विहिरीवरून घागरी भरून गच्चीवरच्या पिंपात ओतायचो. पाऊण तास पाणी भरावं तेव्हा पाऊण तास किरण. कागदाची पट्टी सरकत जाई, पेन तिच्यावर डोंगर काढत जाई, आणि डोंगराचं टोक यायच्या बरोबर आधी खट्ट आवाज होई. पाणी संपलं. पेन एक सरळ रेघ ओढत राही. मी त्या रेघेकडे बघत बसायची आणि अटेंडर म्हणायचे, "अम्मा, रडायचं तर पिंपात रडा. थोडं पाणी तरी वाढेल."

पहिली कांडी नीट आली, दुसरीही. तिसरी आली नाही. चौथी आणि पाचवी पुन्हा रेषेवर.

तिसरीच्या तापवलेल्या, निरोगी चुऱ्याच्या रेषाच भलत्या जागी पडत होत्या. अणूंमधलं अंतर जितकं हवं त्याहून जास्त. जणू त्यात मी सांगते त्याहून बरंच जास्त कथील होतं. मी वजनांची वही काढली. वजनं बरोबर. रसायनाच्या लोकांकडून कथील मोजून घेतलं. बरोबर. पुन्हा कानसली, पुन्हा तापवली, पुन्हा पट्टी काढली. बिंदू जिथे होता तिथेच, रेघेच्या वर, एकटा. सर, म्हणजे माझे गाईड, पट्टीवर भिंग धरून म्हणाले, "पद्मा, तू पाकिटं बदललीस."

"नाही, सर."

"दमलेलं माणूस बदलतं."

मी पाकिटं बदलणारी बाई आहे? माझ्या घरात मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवर लेबलं आहेत म्हणून तुमचे अज्जा मरेपर्यंत मला हसत होते. पण त्या दिवशी गाडीत मी स्वतःवरचा विश्वास गमावला. पापनाशम् स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली होती. समोर नांगरलेलं, फुटलेलं रान होतं. मला वाटलं, इथेच उतरावं आणि कुठेही न जाता उभं राहावं. कॉलेजात नाही, घरी नाही.

घरी अम्मै आली होती. तुमच्या अप्पाच्या अंगभर कांजिण्या. आमच्याकडे कत्तिरीत अम्मै आली की देवी घरात आली असं धरतात. फोडणी बंद, कुणाकडे जाणं-येणं बंद, दारात कडुलिंब, अंथरुणावर कडुलिंब, पाण्यात कडुलिंब. आईने तर उंबरा ओलांडू नये. मी रोज सकाळी ओलांडत होते. समोरच्या घरातल्या बाईंनी अंगणातूनच आवाज टाकला, "देवी घरात बसवून सून डबा घेऊन स्टेशनवर!" आत्याबाई रांगोळीची वाटी हातात घेऊन बाहेर आल्या. "देवीचं बोलणं माझ्याशी चाललंय," त्या म्हणाल्या. "सुनेकडे तिचं काही काम नाही." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "जा गे तूं. पोरापाशीं मी बसतें. गाडी चुकेल."

त्या दिवसांत त्यांच्या नाकपुडीत कडुलिंबाची काडी होती. त्यांची मूकुत्ती, म्हणजे चमकी, तिथे असायची. जाड, जुन्या घडणीची, त्यांच्या आईची. तिच्या जागी हिरवी काडी, भोक बुजू नये म्हणून. सगळ्या घरात कडुलिंब होता. तो नाकातही आहे हे मला रोज दिसत होतं, आणि मी त्याबद्दल काहीही विचारलं नाही. धातूतला एक चुकलेला थर शोधायला मी रोज आगगाडीने जात होते.

मग मी एक वाईट गोष्ट केली. स्वामीमलैला गेले आणि स्थपतींना त्यांच्या कामगारांसमोर विचारलं, "तिसऱ्या मुशीत कुठलं तांबं घातलंत? भंगारातलं?" ते मेणाची बोटं घडवत होते. हात थांबले. एक कामगार उठून उभा राहिला, त्याला त्यांनी नजरेने बसवलं.

"तांबं तुम्ही आणलंत तेच घातलं, अम्मा."

"मग त्यात दुसरं काही कसं येईल?"

ते उठले, कोपऱ्यातून माझ्याच तांब्याचा उरलेला तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. "हे कानसून बघा." आणि पुन्हा मेणाकडे वळले. मी कानसून बघितलं. तांबं शुद्ध होतं. तरी मी परत जाऊन तसं म्हटलं नाही. आणि तसं म्हटलं नाही म्हणून नवी कांडी ओतून द्या असंही म्हणता येईना. माझाच तो रस्ता मी बंद केला होता.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पोराच्या खपल्यांचा वास आठवतो, पट्टीवरच्या शाईचा वास आठवतो. गच्चीचा जिना पायाला भाजायचा. कांडीचा एक पेरभर तुकडा उरला होता आणि मी त्याच्याशी बोलत होते: तू काय आहेस ते सांग. फक्त सांग. एके दुपारी सरांनी ग्राफ पुढ्यात ओढला, तिसऱ्या बिंदूवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "आता बघ. किती छान रेघ आहे."

"पण सर, तो आहे."

"ज्या कांडीत काय आहे हेच तुला सांगता येत नाही, तिच्यातल्या चुका मोजून तू कुणाला काय सांगणार? रेघेला दोन बिंदू पुरतात, पद्मा. तुझ्याकडे चार आहेत." ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्या टेबलावर निरोप समारंभाचे हार वाळत पडले होते. "घरी जा. मुलाला बघ."

मी तिसरी कांडी काढून टाकली. चार कांड्यांना नवे क्रमांक दिले: एक, दोन, तीन, चार. थीसिसमध्ये पाचवी कांडी कधी नव्हतीच. मला झोप लागली, अनू. हे तुला सांगायलाच हवं. पुष्कळ दिवसांनी मला गाढ झोप लागली.

टायपिंग झालं, बांधणी झाली. द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी प्रती घरी आल्या. अप्पाला डोक्यावरून कडुलिंबाचं पाणी घालून झालं होतं, देवी गेली होती, फोडणीचा वास पहिल्यांदा घरात आला होता. आत्याबाईंनी हात धुतले, एक प्रत पाटावर ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं आणि मला जवळ बोलावलं. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"पद्मू, यांत मधल्या कांडीचं पान कुठलं गे?"

"मधल्या?"

"पांचांतली मधली." त्यांनी बोट नाकाकडे नेलं आणि काडीला लागताच खाली घेतलं. "तूं डोळे धुवायला गेलीस नव्हे, तेव्हां घातली. देव ओततांना घालतात सोनं. तुझ्या परीक्षेला कोण घालणार? सांगूं नये म्हणतात, लाभत नाही. आता झालं नव्हे, आता सांगतें."

पंखा फिरत होता. मला वाटलं आपण उभे आहोत, पण मी बसले होते. नाकाला लावलेला पदर. साठ पायऱ्या. काडी. तांब्याच्या थरांत शिरलेले सोन्याचे मोठे अणू, जाळी रेटून ताणणारे. बिंदू वर का होता, ते एका क्षणात मला सगळं कळलं. चार वर्षांत मला इतकं स्वच्छ काहीच कळलं नव्हतं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं आणि त्यात ती कांडी कुठेही नव्हती.

"दाखीव की," त्या म्हणाल्या.

मी पुस्तक उघडलं. हाताला जे पान आलं ते. बासष्ट. "हे," मी म्हणाले.

त्यांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं, अगदी हळू, तापलेल्या भांड्याला लावावं तसं. बोट डोळ्यांना लावलं. मग चिमूटभर कुंकू घेऊन पानाच्या मधोमध टेकवलं.

अजून एक दिवस हातात होता. सरांकडे जाता आलं असतं: सर, तिसऱ्या कांडीत सोनं आहे, तो बिंदू चुकीचा नाही, त्याला त्याच्या जागी ठेवू या, मुदत बुडाली तर बुडू दे. हे सगळं मी मनात बोलले. मग सकाळच्या गाडीने जाऊन प्रती दिल्या आणि पावती घेतली. पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

स्थपतींकडे गेले ते महिन्याभराने. कावेरीला पाणी सुटलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. मी सगळ्यांसमोर तुम्हाला चोर म्हटलं आणि तुम्ही गप्प बसलात."

"घालणाऱ्याने सांगायचं नसतं, अम्मा," ते म्हणाले. "आणि ओतणाऱ्याने तर नाहीच नाही. आमच्या घराण्यात तशी रीत आहे." मग म्हणाले, "तुम्ही तांब्याबद्दल विचारलंत. मी तांब्याबद्दल सांगितलं. आत आणखी काय गेलं, असं विचारायचं होतंत."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच नमस्कार केला.

पुढे पहिल्यांदा हातात थोडे पैसे आले तेव्हा आत्याबाईंना नवी चमकी घ्यायला सराफाकडे घेऊन गेले. त्यांनी एकही बघितली नाही. "माझी आहे की," त्या म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकांत." भोक हळूहळू बुजलं. नाकपुडीवर एक खळगा राहिला, मिरीएवढा. दर सरस्वतीपूजेला त्या बासष्टावं पान उघडत आणि तिथे कुंकू लावत. मी शेजारी समई सारखी करत बसायची. दर वर्षी सांगायचं ठरवायची. एकदा, त्या अंथरुणाला खिळल्यावर, तोंड उघडलंही होतं. त्या म्हणाल्या, "ते पान वाचून दाखीव." मी इंग्रजी वाचलं. त्यांना एक शब्द कळत नव्हता. डोळे मिटून ऐकत राहिल्या. त्या गेल्या त्या दिवशी त्यांना अखेरचं नटवताना कुणीतरी विचारलं, नाकात काही नाही का यांच्या? मी नाही म्हणाले.

बासष्टाव्या पानावर काय आहे ते आता सांगते. त्या पानावर यंत्राला थंड पाणी पुरवायची व्यवस्था आहे. पिंपाची उंची, नळीची जाडी, पाणी किती वेळ पुरतं ते. बस.

अनू, माझा प्रबंध कुणी वाचत नाही. त्या चार बिंदूंनी कुणाचं वाईट झालं नाही. सर गेले, अटेंडर गेले, स्थपती गेले. पण मी उरले आहे, आणि दर कत्तिरीत ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर येते, छान, सरळ, आणि तिच्यावर कुणाचा तरी अंगठा. तुझ्या त्या नमुन्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. तुझी चूक असेल, यंत्राची असेल, आणखी कुणाची असेल. पंधरा दिवसांत तुला कळेलच असं नाही. मला तर कळल्यावरही उपयोग झाला नाही. पण काढायचा असेल तर आधी विचार, आत आणखी काय गेलं. आणि उत्तर नाही मिळालं तर तो जिथे पडला तिथे ठेव, आणि खाली लिही की मला हा कळला नाही. तेवढ्याने डिग्री गेली तर? जाईल कदाचित. जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. मी ते करून बघितलेलं नाही. फोन कर. रडलीस तरी चालेल, पण कर.

वीज आली आहे. पंखा फिरला आणि टेबलावरची पानं उडाली, म्हणून त्यांवर त्या पाकिटांचा डबा ठेवला. तीन नंबरचं पाकीट काढलं. 'तांबे, कथील' याच्यापुढे जागा होती. तिथे लिहिलं: 'सोने'. मग थीसिस उघडला. ग्राफचं पान शोधायला वेळ लागला, कारण हे पुस्तक बासष्टावरच उघडतं. जुन्या वहीतून तिसऱ्या कांडीचे आकडे घेतले, मोजपट्टी लावली, आणि पेन्सिलीने जिथे तो बिंदू पडत होता तिथे ठिपका दिला. दुसऱ्या हाताने मनगट धरून दिला. रेघेच्या वर, एकटा.

आत्याबाई, मधल्या कांडीचं पान एक्याऐंशी.